पायाच्या खड्ड्यातलं मीठ

निशाचा फोन आला तेव्हा मी आभाळाकडे बघत होते. मार्च महिना, गच्चीवर पापड वाळत घातलेले, आणि पश्चिमेला दिसणारा एकुलता एक ढग नेमका कोणत्या विचारात आहे ते मला समजून घ्यायचं होतं. या ब्लॉगच्या जुन्या वाचकांना माझा स्वभाव ठाऊक आहे. किल्ला चढताना मी उतरायची काळजी करते आणि उतरल्यावर गाडी सुरू होईल की नाही याची.

"हिंगोलीकडे येतेस का?" निशानं सिनेमाला बोलवावं तसं विचारलं. "एका घराच्या पायात जुनं मडकं सापडलंय. आत हाडं आहेत, लहान मुलाची."

निशा माझी कॉलेजातली मैत्रीण. इतिहास दोघींनीही घेतला होता. ती पुरातत्त्वात शिरली आणि आता नागपूरला शिकवते, मी छत्रपती संभाजीनगरात नोकरीला चिकटले. तिच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा होत्या, उत्खननाची परवानगी नुकतीच हातात आली होती आणि हवामानाचा अंदाज अवकाळीचा होता. माती चाळायला आणि चिठ्ठ्या लिहायला तिला माणूस हवं होतं. "तुझं अक्षर चांगलं आहे आणि तू घाबरट आहेस. मला दोन्ही उपयोगाचं आहे," ती म्हणाली. माझं असं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं, त्यामुळे मी पापड गोळा केले आणि बॅग भरली.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगते: संभाजीनगरहून जालना, मंठा, जिंतूर, औंढा असं करत हिंगोलीला एसटीनं जाता येतं, आणि बायकांना अर्धं तिकीट. अख्खा दिवस मोडतो असं धरून चाला. जिंतूरला गाडी जरा थांबते, तिथे चहा आणि गरम भजी खाऊन घ्यावीत. औंढ्याच्या पुढे खिडकीतून एक वास यायला लागला, मातीचा आणि औषधाचा मिळून एक. शेजारच्या बाईंनी सांगितलं की हळद शिजून राहिली. या दिवसांत इकडे जिकडेतिकडे हळदच असते. शेतात काढणी, बांधावर शिजवायचे कुकर, आणि अंगणांत, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेले ढीग. सुंदर दिसतं. मला मात्र तेवढ्यात वाटून गेलं की पाऊस आला तर या सगळ्यांचं काय होईल.

हिंगोलीत स्टँडजवळच्या लॉजवर रात्र काढली. खोली हजाराच्या आत मिळते, गरम पाणी सकाळी बादलीतून. सकाळी काळीपिवळी जीपमध्ये स्वतःला कोंबून पुसेगावच्या दिशेनं निघाले. पुढे आत वळून जे लहान गाव लागतं त्याचं नाव इथे मुद्दाम देत नाही, उगाच कोणी पहारी घेऊन जायला नको.

घर मिलिंदचं. चाळिशीचा, शेती करतो, शिवाय लोकांच्या मोटारी दुरुस्त करून देतो. पत्र्याच्या जुन्या घराला लागून तो स्लॅबचं नवीन घर बांधतोय. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून कॉलमचे खड्डे खाली मुरूम लागेपर्यंत खणावे लागतात. असाच एक खड्डा जुन्या घराच्या मागच्या भिंतीला खेटून खणताना टिकाव मडक्याच्या काठाला लागला, एक टवका उडाला आणि फटीतून बारीक हाडं दिसली. मजूर वर आले ते परत उतरले नाहीत. पोलीस येऊन बघून गेले, तलाठी येऊन गेले, मग निशाच्या विभागाला कळवलं गेलं. आता सरकार आपली जागाच घेतं की काय, या धास्तीनं मिलिंदची झोप उडाली होती. निशानं त्याला समजावलं की मडकं निघालं की जागा त्याची त्यालाच. त्यानं मान हलवली, पण तसा लेखी कागद कधी मिळेल ते मला येऊन विचारलं, कारण त्याच्याइतकीच चिंता त्याला माझ्या तोंडावर दिसली असावी.

दारावर पंचरंगी धम्मध्वज होता. मिलिंदच्या आईनं, गयाबाईंनी, जयभीम करून पाणी दिलं. उंच, काटक, सत्तरीच्या बाई, बोलणं मोजकं. त्यांचे धाकटे दीर दौलतकाका पत्र्याच्या सावलीत खाटेवर बसून होते. गावातली माणसं खड्डा बघायला येत होती आणि आपलं मत देऊन जात होती. कोणी म्हणे धन असंल, कोणी म्हणे निजामाच्या काळातलं असंल. दौलतकाका तेवढे खड्ड्याकडे पाठ करून बसलेले.

निशा खड्ड्यात उतरली. तळाशी पांढरं कापड नीट अंथरलेलं होतं. तिनं ते उचललं, खालची माती गवंड्याच्या करणीनं जरा खरवडली आणि थांबली. मातीत सगळीकडे पांढरे खडे चमकत होते.

"हे काय आहे?" तिनं वर बघून विचारलं.

मिलिंद आपल्या चपलांकडे बघायला लागला. गयाबाई म्हणाल्या, "मीठ हाय. लेकराला टाकतेत."

मडकं सापडलं त्या संध्याकाळी, पोलीस यायच्या आधी, गयाबाईंनी जनावरांसाठी आणलेली खडेमिठाची अख्खी गोणी खड्ड्यात रिकामी केली होती, वर माती लोटली होती आणि कापड घातलं होतं. पुरताना मीठ घालायची रीत आपल्याकडे सगळीकडे आहे, त्यात नवल काही नाही. पण निशाचा चेहरा उतरला. ती वर आली, पाणी प्यायली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं: मीठ ओलाव्याबरोबर भाजलेल्या मातीत आणि हाडांत शिरतं, आणि वाळताना आतून पोपडे काढतं. अजून बरंचसं मीठ कोरडं होतं. पाऊस पडला की सगळं विरघळून मडक्यात उतरणार. शिवाय काळी माती ओली झाली की खड्ड्याची कड ढासळणार आणि तिच्यावर उभी होती घराची भिंत, जिच्या पलीकडे ही माणसं झोपत होती.

म्हणजे काळजी करायला मला कोणी नव्यानं शिकवायची गरज नव्हती. पहिलं काम भिंतीला बल्ल्यांचा टेकू द्यायचं केलं. मग मीठ. निशा खाली बसून चमच्यानं आणि ब्रशनं मीठमिश्रित माती काढत होती, मी घमेलं वर ओढून चाळत होते, मिलिंदची बायको प्रज्ञा पिशव्यांना दोरे बांधत होती. दर थोड्या वेळानं मी आभाळाकडे बघायचे आणि निशा मला खाली बघ म्हणायची. दुपारी पिठलं, ज्वारीची भाकरी आणि असा ठेचा, की डोळ्यांतून पाणी आलं तरी हात थांबेना. जेवण घरचंच होतं आणि वाढतील तसं घ्यायचं, पैशाचं नाव काढलं की गयाबाई ऐकू न आल्यासारखं करत.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. गयाबाई दिवसभरातून कितीतरी वेळा खड्ड्याच्या काठाशी यायच्या, काही न बोलता उभ्या राहायच्या आणि जायच्या. मला वाटलं, मिठाबद्दल त्यांना अपराधी वाटत असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. आधी धूळ आली, मग पश्चिमेकडून आभाळ काळं झालं आणि सगळं गाव एकदम हळदीकडे धावलं. शिजवलेली हळद भिजली की तिचा रंग जातो आणि भावही. अंगणाअंगणांत ताडपत्र्या फडफडायला लागल्या. आम्ही खड्ड्यावर बांधलेलं प्लास्टिक मधोमध फाटलं आणि त्याच्या चिंध्या शेजारच्या बाभळीला जाऊन अडकल्या. निशा खड्ड्यात मडक्यावर पालथी पडल्यासारखी वाकली होती. मी "ताडपत्री, ताडपत्री" असं ओरडत सुटले, पण साऱ्या गावात हळदीवर नसलेली ताडपत्री एकही नव्हती.

मिलिंदनं आपली ताडपत्री नुकतीच हळदीवर ओढली होती. गयाबाईंनी तिचं दुसरं टोक धरलं आणि उलट्या बाजूनं ओढायला लागल्या.

"आई, हळद भिजून राहिली ना," मिलिंद म्हणाला.

"भिजू दे. इकडं आन."

तो तसाच उभा राहिला. बाईंनी ताडपत्री एकटीनं फरफटत आणली. मग तोही धावला, प्रज्ञासकट आम्ही चौघांनी ती खड्ड्यावर ताणली आणि कडांना विटा ठेवल्या. पाऊस आला, टपोरा, दहा-पंधरा मिनिटं झोडपून गेला. खड्ड्याची एक कड थोडी घसरली, पण टेकू टिकले. हळद भिजली. आम्ही टोपल्यांनी ती घरात नेत होतो तेव्हा मिलिंद आईशी एक अक्षर बोलत नव्हता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

संध्याकाळी गयाबाई भाकरी थापत होत्या. मी चुलीशी जाऊन बसले आणि विचारलं, की मावशी, एका मडक्यासाठी घरची हळद का भिजू दिली. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, पाण्याचा हात फिरवला.

"माझं पयलं लेकरू," त्या म्हणाल्या. "पोरगी व्हती. नाव बी ठिवलं नव्हतं. ह्यांनी अन् भाऊजींनी नेली. आईनं जायाचं नसतं. कुठं ठिवली म्हणून इचारलं, तर म्हणले, इसर आता. लई बार इचारलं. आईला ठाव झालं की ती तिथंच जाऊन बसती म्हणतेत, मंग पुढचं लेकरू जगत न्हाई."

मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "तवा हितं मोकळं रान व्हतं. ती हीच हाय, असं वाटून राहिलं मला."

हातातली भाकरी गार झाली. माझ्या सगळ्या काळज्या, पावसाच्या, भिंतीच्या, मिठाच्या, एकदम कुठल्या कुठे गेल्या आणि त्यांच्या जागी एकच मोठी येऊन बसली: उद्या निशा ते मडकं उघडणार, आणि ते हजारो वर्षांपूर्वीचं आहे असं या बाईच्या समोर म्हणणार.

जेवणं झाल्यावर मी निशाला सांगितलं. मी म्हटलं, काही गोलमोल सांगता येणार नाही का? ती म्हणाली, मडक्याचा घाट बघ, ते यांच्या सासूच्या सासूच्याही कितीतरी आधीचं आहे, आणि मी त्यांच्याशी खोटं बोलणार नाही. "पण त्यांना काठावर उभं नाही ठेवायचं," ती म्हणाली. "उद्या त्या माझ्या शेजारी बसतील."

सकाळी आभाळ धुतल्यासारखं होतं. गयाबाईंनी खड्ड्याच्या काठाशी मेणबत्ती लावली, सगळ्यांनी वंदना म्हटली, मीही हात जोडून उभी राहिले. मग निशानं हात देऊन त्यांना खाली घेतलं. सत्तरीची बाई लुगड्याचा काष्टा सावरून तळाशी उकिडवी बसली. मी मेणबत्ती विझेल म्हणून, भिंत पडेल म्हणून, त्या बाईला चक्कर येईल म्हणून, अशी सगळ्यांसाठी श्वास रोखून वर उभी होते.

निशा त्यांना समजेल असं सांगत काम करत होती. ही कडक पट्टी दिसते ना, ही चोपलेली जमीन, म्हणजे इथे घर होतं. ही राख आणि लाल झालेली माती, ही त्यांची चूल. मडकं या जमिनीच्या खाली ठेवलेलं, तोंडावर वाडगं पालथं घातलेलं. तिनं वाडगं अलगद उचललं. आत माती होती आणि मातीत हाडं, इतकी बारीक की मला आधी ती मुळं वाटली. निशानं ब्रश फिरवला. हाडांच्या मधून एक गोल चकती वर आली, भाजलेल्या मातीची, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी. वरच्या बाजूला दोन भोकं, दोरा ओवायला. एका अंगाला कुणा राजाचं डोकं, लांब नाकाचं.

निशाचा आवाज बदलला. ती म्हणाली, हा रोमचा बादशहा. दोन हजार वर्षांपूर्वी तिकडची नाणी व्यापारातून इकडे यायची, आणि ज्यांना सोन्याचं परवडत नसे त्यांच्यासाठी इथेच मातीची बनवत, गळ्यात घालायला. नक्की काळ तपासणीनंतर कळेल.

"म्हंजे डुप्लिकेट," मिलिंद वरून म्हणाला, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा सगळे हसले. गयाबाई हसल्या नाहीत. त्या चकतीकडे बघत होत्या.

"माझीच्या गळ्यात काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "ही माझी न्हाई."

मिलिंदचं हसणं थांबलं. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं हे मला त्याच्या तोंडावरून कळलं. निशानं ब्रश खाली ठेवला. गयाबाईंनी हात लांब करून ती चोपलेली जमीन चाचपली, मग राख, मग परत मडक्याची जागा, आणि निशाला विचारलं, "चुलीपाशी ठिवलं व्हतं, व्हय?"

"हो. घरातच. अशी उदाहरणं मिळतात, घरातलं मूल घराच्या जमिनीखाली."

"म्हंजे तिच्या आईला ठाव व्हतं."

"काय?"

"लेकरू कुठं हाय ते."

माझ्या मागे खाट करकरली. दौलतकाका उठून उभे राहिले होते, पहिल्यांदाच खड्ड्याकडे तोंड करून. ते काही बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि ते शेताच्या वाटेनं निघून गेले. मला त्यांचा रागच आला, स्पष्ट सांगते.

मडकं खालच्या मातीच्या ढेपेसकट, कापडाच्या पट्ट्यांत गुंडाळून, प्लास्टर चढवून काढलं आणि पेटीत ठेवलं. निशाची जीप वाशिममार्गे नागपूरला जाणार होती, मी वाशिमपर्यंत तिच्याबरोबर. निघताना गयाबाईंनी पेटीवर हात ठेवला, मग माझ्या हाती वाळलेल्या हळदीची पुडी दिली, न भिजलेल्यातली. "ताई, संभाळून न्या तिला," एवढंच म्हणाल्या. पेटी माझ्या मांडीवर होती. हिंगोली ते कनेरगाव नाका हा रस्ता चांगला आहे असं लोक सांगतात, पण ज्याच्या मांडीवर दोन हजार वर्षांचं तान्हं मूल असेल त्यानं प्रत्येक गतिरोधकाला डोळे मिटावेत. कनेरगाव नाक्याला ढाब्यावर शेवभाजी झकास मिळते. आम्ही आळीपाळीनं जेवलो, कारण पेटी गाडीत एकटी ठेवायला दोघींचाही जीव होईना.

घरी येऊन आता महिना होऊन गेला. तुमच्यापैकी कोणाच्या घराच्या पायात असं काही निघालं तर काम थांबवा, कळवा, आणि कृपा करून मीठ घालू नका. हे लिहायला सोपं आहे. निशा ते मडकं शुद्ध पाण्यात बुडवून ठेवते, पाण्यात मीठ उतरलं की पाणी बदलते, परत बुडवते. अजून मीठ निघतंच आहे म्हणाली. हाडांचा काही भाग वाचेल, सगळा नाही. मिलिंदला कागद मिळाला, खड्डा बुजला, कॉलम उभा राहिला. भिजलेली हळद त्यानं पडेल भावात दिली, आणि प्रज्ञा सांगत होती की आता तो आईजवळ येऊन बसतो. मला मात्र रोज एकच वाटायचं. आम्ही त्या बाईचा समज काढून घेतला आणि बदल्यात काहीच दिलं नाही. निदान चार दिवस तरी तिला आपलं मूल सापडलं होतं.

परवा मिलिंदच्या नंबरावरून फोन आला. गयाबाई होत्या. खुशाली झाली, पावसाचं झालं. मग म्हणाल्या, "भाऊजींनी नेलं व्हतं मला."

"कुठे?"

"बांधाकडं. लिंबाच्या बुडाशी ठिवली व्हती म्हणले. लिंब तर कवाच तोडला. निस्ते फिरून राहिले इकडून तिकडं, रडले बी. म्हणले, वैनी, दोन-चार पावलं इकडं-तिकडं व्हईल. म्हणलं, चालतंय."

मी नको ते विचारलं. "मावशी, मीठ टाकलं का?"

"न्हाई. मीठ कशाला आता," त्या म्हणाल्या. "बसले जराशी. वाट ठाव झाली, आता कवा बी जाईन."